साडेसातची इस्त्री

टाचणीकाकूंची जुनी इस्त्री सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास गेली. जाताना तिनं कुणाला त्रास दिला नाही. 'टक्' असा एक आवाज केला, दिवा विझला, आणि पोस्टमास्तरांच्या निळ्या शर्टाच्या पाठीवर ती थंड पडली. पोस्टमास्तर स्वतःही चार महिन्यांपूर्वी साधारण असेच गेले होते. त्यांच्यामागे घरात त्यांची बायको आणि अठरा शर्ट उरले. ते अठराही शर्ट पोस्टमास्तरीणबाईंनी एका गाठोड्यात बांधून काकूंकडे आणले होते आणि त्यांची गोधडी शिवायला सांगितली होती.

"रविवारी सकाळी न्यायला येते," त्या म्हणाल्या होत्या. "दुपारी बहिणीकडे निघायचंय. तिकडे थंडी फार."

टाचणीकाकूंना हे नाव पडलं ते ओठांत कायम धरलेल्या टाचण्यांमुळे. चार-पाच टाचण्या तोंडात असतानाही त्या पूर्ण गप्पा मारत, आणि अख्ख्या गल्लीला त्या समजत. काकूंनी टाचण्या काढून बोलायला सुरुवात केली की मात्र प्रकरण गंभीर आहे असं लोक धरून चालत.

त्या सोमवारी काकूंनी टाचण्या काढल्या आणि नवऱ्याला सांगितलं, "अहो, इस्त्री गेली."

गोधडीच्या कामात इस्त्री म्हणजे काय चीज आहे, हे ज्यानं चौकोन जोडले नाहीत त्याला कळायचं नाही. दोन तुकडे जोडले की शिवण दाबायची, मग तिसरा जोडायचा, पुन्हा दाबायची. एका शिवणीत सुताचा फरक पडला की शेवटच्या चौकोनापर्यंत त्याचा अंगठ्याएवढा होतो, आणि सगळी गोधडी एखाद्या लंगड्या माणसासारखी एका बाजूला झुकते. काकूंचे तीनशे चौकोन व्हायचे होते आणि हातात सहा दिवस होते.

सुनेनं त्याच संध्याकाळी स्वतःची इस्त्री पाठवून दिली. दिसायला देखणी, वजनाला फुलासारखी. आठ मिनिटं हात लावला नाही की ती आपोआप बंद पडे. काकू मशीनवर आठ चौकोन जोडून वळल्या की इस्त्री गार. पुन्हा तापेपर्यंत बसून राहायचं. तापली की ती वाफ सोडे, आणि वाफेबरोबर तपकिरी पाण्याची एक पिचकारी. पोस्टमास्तरांच्या पांढऱ्या शर्टावर तिनं दोन ठिपके उठवले, तेव्हा काकूंनी तिला परत खोक्यात घातलं.

मंगळवारी दुकानं उघडताच त्या नवी इस्त्री बघायला मोठ्या दुकानात गेल्या. तिथला विक्रेता म्हणाला, "काकू, सगळ्या अशाच येतात आता. विसरलात तरी चिंता नाही."

"मी विसरत नाही," काकू म्हणाल्या.

"सगळे असंच म्हणतात," विक्रेता म्हणाला आणि हसला. काकूंना ते हसू आवडलं नाही. त्यांची आई शेवटची चार वर्षं सगळं विसरत गेली होती. आधी चष्मा, मग घर, आणि मग एके दिवशी पोटच्या लेकीला तिनं विचारलं होतं, "बाई, तुम्ही कोणाकडच्या?" त्या प्रश्नाला काय उत्तर द्यावं, हे काकूंना अजून सुचलेलं नव्हतं.

तिथून त्या तडक फ्यूजच्या दुकानात गेल्या. फ्यूज म्हणजे विजेच्या वस्तू दुरुस्त करणारा गृहस्थ. त्याचं खरं नाव त्याच्या पाटीवर होतं, पण पाटी पंख्यांमागे गेली होती. काकूंची जुनी इस्त्री त्यानं उघडून पाहिली आणि डॉक्टर नातेवाइकांपुढे हलवतो तशी मान हलवली.

"मग एक विश्वासाची द्या," काकू म्हणाल्या. "जड हवी. मध्येच बंद पडणारी नको."

फ्यूजनं हातातला पेचकस खाली ठेवला. मग स्टुलावर चढला आणि सगळ्यात वरच्या फळीवरून, रेडिओच्या रिकाम्या खोक्याच्या आडून, त्यानं एक इस्त्री काढली. जुनी, ठोकळ्यासारखी जड, तळ आरशासारखा. काळी मूठ कुणाच्या तरी बोटांनी झिजून चार खळगे पडलेली.

"ही विश्वासाची आहे का?"

"आहे," फ्यूज म्हणाला. "जरा जास्तच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे बंद पडायची नाही. घेऊन जा. चाललं तर ठेवा." आणि तो पंख्याच्या पात्यांकडे बघत बसला.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत काकूंनी शंभर चौकोन जोडले. अशी इस्त्री त्यांनी जन्मात वापरली नव्हती. नुसती टेकवायचा अवकाश, शिवण कागदासारखी सपाट. मुठीतल्या खळग्यांत त्यांची बोटं नीट बसत नव्हती, कारण आधीच्या मालकाचा हात मोठा असावा, पण त्याचं काही विशेष नाही. संध्याकाळी त्यांनी बटण बंद केलं, प्लग काढला, वायर गुंडाळली, इस्त्री टाचेवर उभी केली आणि खोलीचं दार लोटून घेतलं.

बुधवारी सकाळी त्या शिवणाच्या खोलीत आल्या तेव्हा खिडकीतून कोवळं ऊन टेबलावर पडलं होतं. खोलीत तापलेल्या सुती कापडाचा वास होता. काकूंनी सवयीनं इस्त्रीजवळ हात नेला आणि मागे घेतला. इस्त्री गरम होती. वायर गुंडाळलेलीच होती, आणि प्लग वायरीच्या वेटोळ्यात खोचलेला.

'उन्हानं तापली असेल,' काकूंनी मनाशी म्हटलं आणि कामाला लागल्या. माणूस सकाळी सकाळी स्वतःशी भांडत बसत नाही.

गुरुवारी इस्त्री गरम तर होतीच, शिवाय रात्री नुसते जोडून ठेवलेले बारा चौकोन दाबून, एकावर एक रचून ठेवलेले होते. शिवणी सगळ्या गडद रंगाच्या बाजूला वळवल्या होत्या. बरोबर तशाच वळवायच्या असतात. काकू त्या गठ्ठ्याकडे बघत उभ्या राहिल्या. आपणच रात्री दाबून ठेवले असतील का? त्यांना आठवेना. नेमकं हेच त्यांना आवडलं नाही.

तेवढ्यात काका पेपर शोधत आत आले आणि त्यांचा कोपर इस्त्रीला लागला.

"अगं, इस्त्री चालूच ठेवलीस की रात्रभर."

"बंद केली होती."

"मग हा भाजलेला कोपर कुणाचा?"

काका निवृत्त होईपर्यंत दुकानांतली वजनंमापं तपासायचं काम करत. तराजू, लिटरची मापं, कापड मोजायच्या पट्ट्या, कशाच्याही शब्दावर विश्वास ठेवायचा नाही ही त्यांच्या खात्याची शिकवण होती. त्यांनी कोपराला मलम लावलं आणि मुलाला फोन केला. काळजीपोटीच केला, पण केला.

मुलानं बायकोला सांगितलं. सुनेनं तिच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं आणि दुपारी काकूंना फोन लावला.

"आई, सहज विचारते हं. आज वार कोणता?"

"गुरुवार."

"आणि शंभरातून सात गेले तर?"

"कुठे गेले?" काकूंनी विचारलं, कारण तोंडात टाचण्या होत्या आणि मशीन चालू होतं. पलीकडे सुनेनं हे उत्तर लिहून घेतलं.

संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीत पोचली. शेजारीण डबा परत द्यायला आली आणि काकूंशी हळू, मोठ्यानं आणि एकेक शब्द सुटा करून बोलली. "काकू. हा. तुमचा. डबा." वाण्यानं सामानाच्या पिशवीत चिठ्ठी घातली, काय काय घेतलं त्याची. रात्री मुलाचा पुन्हा फोन आला. "आई, मी रविवारी येतोय. मशीन आमच्याकडे घेऊन जाऊ. तू आता आराम कर. उद्या खरंच काही पेटलं म्हणजे?"

काकूंनी फोन ठेवला. मग ओठांतल्या टाचण्या एकेक काढून टाचण्यांच्या छोट्या उशीला टोचल्या.

"अहो, एक विचारू? भुतं असतात का?"

"नसतात," काका म्हणाले.

"नक्की?"

"पस्तीस वर्षांच्या नोकरीत एकही सापडलं नाही."

काकूंचा चेहरा पडला. काकांना वाटलं, बायको घाबरली आहे, म्हणून त्यांनी तिचा हात धरला. "घाबरू नकोस. भूतबीत काही नाही."

"त्याचीच तर भीती वाटतेय," काकू म्हणाल्या. "भूत नसेल, तर ते मीच करतेय. आणि मला आठवत नाहीये. आई पण असंच... " त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "भूत असेल तर माझी काही हरकत नाही हो. राहू दे बापडं. काम तर नीट करतंय."

काकांनी तिचा हात सोडला. मग उठून त्यांनी माळ्यावरून त्यांची खात्यातली, लाख-शिक्क्यांची जुनी पत्र्याची पेटी काढली.

शुक्रवारी झोपण्याआधी काकांनी शिवणाची खोली शास्त्रशुद्ध बंद केली. इस्त्रीचा प्लग त्यांनी कापडात बांधून त्यावर लाखेचा ठसा उमटवला. भिंतीतल्या सॉकेटवर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर सही केली. खिडकीला तार घालून तिच्या टोकांवर मोहोरेचा शिशाचा गोळा दाबला. टेबलावर एक न कापलेला शर्ट, पोस्टमास्तरांचा करड्या रेघांचा, हातांनी चुरगळून ठेवला. दाराला कुलूप, कुलपावर लाख, आणि किल्ली स्वतःच्या उशीखाली. "आता तू झोपेत उठलीस तरी मला कळेल," ते म्हणाले, आणि खात्री म्हणून तिच्या मनगटाला आणि आपल्या मनगटाला एकच शिवणाचा दोरा बांधून झोपले.

शनिवारी सकाळी सात वाजून पस्तीस मिनिटांनी दोघं दारासमोर उभे होते. मनगटांचा दोरा शाबूत होता. कुलपावरची लाख शाबूत. काकांनी भिंग लावून पाहिली. दार उघडलं. कोवळं ऊन, तापलेल्या कापडाचा वास. खिडकीची तार जशीच्या तशी, सॉकेटवरची सही जशीच्या तशी, प्लग कापडात बांधलेला. आणि टेबलावर करड्या रेघांचा शर्ट कडक इस्त्री करून, बाह्यांना घडीची धार काढून, कॉलर वर करून ठेवलेला. कुणी अंगात घालेल याची वाट बघत असल्यासारखा.

काका खुर्चीत बसले. त्यांनी वहीत वेळ लिहिली. त्यापुढे 'निरीक्षण' असं लिहिलं आणि त्यापुढे बराच वेळ काही लिहिता येईना.

काकूंनी शर्टावरून हात फिरवला. तो नुकताच अंगातून काढल्यासारखा उबदार होता. त्यांच्या मानेवर काटा आला, आणि तरीही चार दिवसांत पहिल्यांदा त्या मनापासून हसल्या.

"शंभरातून सात गेले की त्र्याण्णव," त्या म्हणाल्या. "त्यातून सात गेले की शहाऐंशी. मुलाला फोन लावा."

"आणि काय सांगू?"

"हेच. भूत आहे म्हणून. आई ठीक आहे."

काकांनी वही मिटली. "अगं, आत्ता तो फक्त मशीन न्यायला येतोय. हे सांगितलं तर आपल्या दोघांनाही नेईल."

हे मात्र काकूंच्या डोक्यात आलं नव्हतं. भूत नव्हतं तेव्हा एकाची पंचाईत होती, आता भूत सापडलं तर दोघांची झाली. शेवटी तो शर्टही कापावा लागला, कारण गोधडीला शेवटची ओळ कमी पडत होती. कात्री लावताना काकू हळूच "माफ करा हं," असं म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते काकांनी विचारलं नाही. दिवसभरात अस्तर लागलं, धावदोरा झाला, कडा शिवून झाल्या. संध्याकाळी गोधडी टेबलावर पसरलेली होती आणि तिचा एकही चौकोन सुताभरही हललेला नव्हता.

रविवारी मुलगा आणि सून सव्वासातलाच हजर झाले, मशीन ठेवायला गाडी रिकामी करून. दोघं आईशी इतक्या गोड आवाजात बोलत होते की काकूंना राग यायला लागला. चहा होतोय तोच पोस्टमास्तरीणबाई आल्या. सगळे मिळून शिवणाच्या खोलीत गेले. बाईंनी गोधडीकडे पाहिलं, आणि मग गोधडीवर उभ्या ठेवलेल्या इस्त्रीकडे. ती तिथं काकूंनी ठेवली नव्हती.

"ही इथं कशी आली?" बाईंचा आवाज अगदी बारीक झाला.

"फ्यूजकडून घेतली. का?"

"मी त्याला मोडून टाकायला सांगितली होती." बाई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. "ही त्यांची. अडतीस वर्षं रोज साडेसातला स्वतःचा शर्ट स्वतः करायचे. मला हात लावू द्यायचे नाहीत. ते गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ही गरम. मग रोजच. कपाटात ठेवली तर कपाट गरम. कुणाला सांगणार? लेकीला म्हटलं, तर तिनं मला गोळ्या आणून दिल्या."

"दिल्या ना?" काकू म्हणाल्या. "मला वजाबाकी दिली."

मुलानं आईकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, मग आशेनं बापाकडे पाहिलं. काकांनी वही पुढे केली. मुलानं ती वाचली आणि मिटली. आता तिघांची सोय कुठे करायची, असा विचार त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

"हे बघा," तो समजुतीनं म्हणाला, "इस्त्री म्हणजे तार आणि पत्रा. वीज असेल तर तापते, नसेल तर नाही. हा बघा प्लग, माझ्या हातात आहे. आणि ही बघा इस्त्री." त्यानं दुसऱ्या हाताचा तळवा इस्त्रीवर ठेवला.

बाहेरच्या खोलीतल्या घड्याळात साडेसातचा एक ठोका पडला.

मुलाचा हात बराच वेळ भांड्यातल्या गार पाण्यात होता. सून त्याच्यावर फुंकर घालत होती.

"वायरिंगचा दोष असेल," शेवटी मुलगा म्हणाला.

"वायर तुझ्या हातात होती," काका म्हणाले. "वेळ सात तीस. लिहून ठेवतो."

पुढच्या पाच मिनिटांत मुलाला कचेरीतलं एक काम आठवलं. रविवार असूनही आठवलं. मशीनचा विषय निघाला नाही, तो नंतरही कधी निघाला नाही. निघताना सून दारात घुटमळली. काकूंना बाजूला घेऊन तिनं हळूच विचारलं, "आई, ती रेशमी कपडे करते का हो?"

"सुतीच," काकू म्हणाल्या. सून जरा हिरमुसली.

मग खोलीत बाई, काकू आणि गोधडी एवढंच उरलं. बाईंनी गोधडी उचलून छातीशी धरली, गाल टेकवला आणि तशाच उभ्या राहिल्या. काकू काहीतरी शोधायच्या निमित्तानं खण उघडझाप करत होत्या.

"ऊब आहे अजून," बाई म्हणाल्या.

"इस्त्री पण घेऊन जा," काकू म्हणाल्या. "तुमचीच आहे."

बाईंनी जरा विचार केला. "नको. आता त्यांना तिचं काय काम? सगळे शर्ट तर इथं माझ्या हातात आहेत. राहू दे तुमच्याकडे. विश्वासाची आहे." आणि गोधडी घेऊन त्या बहिणीकडे गेल्या.

सोमवारी सकाळी इस्त्री गार होती. मंगळवारीही. काका रोज साडेसातला तिच्यावर पाण्याचा थेंब टाकून बघत आणि वहीत 'नाही' असं लिहीत. आठवडा झाला. काकू प्लग लावून, बटण दाबून, बाकीच्या जगासारखी इस्त्री करू लागल्या.

एका सकाळी त्यांना टेबलावर एक चुरगळलेला शर्ट दिसला. काकांचा. इस्त्रीच्या अगदी जवळ, सहज राहिल्यासारखा ठेवलेला. दुसऱ्या दिवशी तो तिथंच होता, तसाच चुरगळलेला. तिसऱ्या दिवशीही.

"माझा करत नाही," काका म्हणाले. ते खरोखरच दुखावले होते.

काकूंनी पोस्टमास्तरीणबाईंना बहिणीकडे फोन लावून विचारलं. बाई म्हणाल्या, "दुसऱ्याच्या शर्टाला ते कधी हात लावत नसत. ज्यानं त्यानं आपला आपण करावा म्हणायचे."

काकूंनी निरोप पोचवला. काकांनी वहीत मान घातली. पण दुसऱ्या दिवशी साडेसातला शिवणाच्या खोलीत खुडबुड ऐकू आली म्हणून काकू गेल्या, तर काका इस्त्रीच्या टेबलापाशी उभे होते. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती, आणि या माणसानं इस्त्री कधी हातात धरली नव्हती. त्यांनी शर्टाची बाही पसरली होती आणि इस्त्री तिच्यावर न्यायचा प्रयत्न चालला होता. इस्त्री जात नव्हती. काकांच्या कपाळावर घाम आला होता, आणि इस्त्री हळूहळू, पण ठामपणे, वर कॉलरकडे सरकत होती.

"अहो, जोर कशाला लावताय?" काकू दारातून म्हणाल्या.

"मी लावत नाहीये," काका म्हणाले. मग त्यांनी हात सैल सोडला, इस्त्रीला कॉलरवर जाऊ दिलं, आणि चूक मान्य केल्यासारखे हळूच पुटपुटले, "बरं, बरं. आधी कॉलर."